वॉरंटी संपल्यावर टीव्ही, फ्रिज, मोबाईल बिघडला तर: खान्देशातल्या ग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आखाजीला किंवा दसऱ्याला हौसेनं घेतलेली वस्तू वर्ष-दीड वर्षात बंद पडते. सर्व्हिस सेंटरला फोन केला की पलीकडून एकच उत्तर येतं, "वॉरंटी संपली, आता पैसे लागतील." जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत हे वाक्य ऐकून गप्प बसणारे लोक मला सतत भेटतात. त्यातल्या बऱ्याच जणांची बाजू खरं तर भक्कम असते. ती मांडायला लागणारा कागद त्यांनी वेळेवर केलेला नसतो, एवढंच. म्हणून इथली उत्तरं कायद्याबद्दल जितकी आहेत, तितकीच कागदाबद्दलही आहेत.

वॉरंटी संपली की कंपनीची जबाबदारी संपते का?

विनामूल्य दुरुस्तीचं जे वचन कंपनीनं कार्डावर दिलं होतं, ते संपतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ त्या तारखेला संपत नाही. हा कायदा २० जुलै २०२० पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाला. त्यात 'दोष' या शब्दाच्या व्याख्येत वॉरंटीच्या मुदतीचा उल्लेखच नाही. कायद्यानं किंवा करारानं, मग तो करार स्पष्ट असो की गृहीत, वस्तूची जी गुणवत्ता राखायला हवी तिच्यातली उणीव म्हणजे दोष. शिवाय वस्तुविक्री कायदा, १९३० च्या कलम १६ मध्ये काही अटी अशा आहेत, की त्या बिलावर छापलेल्या नसल्या तरी विक्रीत धरल्या जातात. माल ज्या कामासाठी विकला त्या कामाला तो योग्य हवा, ही त्यातली मुख्य.

म्हणजे वॉरंटीनंतरही दुरुस्ती फुकट मिळणारच?

नाही. अशी आशा कुणी दाखवत असेल तर तिच्यावर विसंबू नका. सात वर्षं वापरलेल्या टीव्हीचं पॅनल गेलं, पाण्यात पडलेला मोबाईल बंद झाला, धुळीनं भरलेल्या एसीचा पंखा अडकला, तर खर्च आपलाच.

बाजू भक्कम होते ती ठरावीक परिस्थितीत. बिघाड वॉरंटीतच सुरू झाला होता आणि नीट दुरुस्त झाला नाही. किंवा बनावटीतलाच दोष होता आणि तो उशिरा उघड झाला. किंवा वॉरंटीनंतर पैसे घेऊन केलेली दुरुस्ती टिकली नाही. किंवा ज्या भागाला वेगळी, लांब मुदतीची वॉरंटी होती तोच गेला. आणि सगळ्यात गंभीर म्हणजे वस्तूमुळे माणसाला इजा झाली किंवा घरातलं दुसरं काही जळालं. तुमची तक्रार यातल्या कशात बसते हे आधी ठरवा.

वॉरंटीत चार वेळा माणूस येऊन गेला, तरी फ्रिज नीट झाला नाही. आता म्हणतात वॉरंटी संपली. काय करायचं?

ही तक्रार सर्वांत जास्त वेळा येते आणि ग्राहकाच्या सर्वांत जास्त बाजूची असते. पहिली तक्रार ज्या तारखेला नोंदवली ती तारीख वॉरंटीच्या आत असेल, तर दुरुस्ती पूर्ण करून देण्याचं बंधन कंपनीवर त्याच दिवशी आलं. पुढे तंत्रज्ञ उशिरा आला, पार्ट मागवायला महिना गेला, दरम्यान वॉरंटीची तारीख उलटली, त्यात ग्राहकाचा दोष काय? मुदत कंपनीच्या दिरंगाईनं संपली असेल तर कंपनीला तिचा आधार घेता येत नाही, असा युक्तिवाद जिल्हा ग्राहक आयोगापुढे ठामपणे करता येतो.

पण इथे सगळं जॉबशीटवर, म्हणजे तंत्रज्ञ केलेल्या कामाची नोंद करून सही घेतो त्या कागदावर, अडतं. तंत्रज्ञ घरी येतो, गॅस तपासतो, थर्मोस्टॅट फिरवतो, "आता बघा, रात्रीतून बर्फ होईल" म्हणतो आणि मोबाईलवर आलेला ओटीपी मागतो. ओटीपी दिला की त्याच्या कंपनीच्या नोंदीत तक्रार 'निकाली' पडते. तीन दिवसांनी तुम्ही पुन्हा फोन केलात की ती नवी तक्रार होते आणि जुन्या त्रासाचा इतिहास तुटतो. म्हणून वस्तू तुमच्यासमोर नीट चालल्याशिवाय ओटीपी देऊ नका. फ्रिजसारख्या वस्तूला रात्र जाऊ द्यावी लागते, तेव्हा दुसऱ्या दिवशी देतो असं सांगा. जॉबशीटवर काय बिघाड सापडला, कोणता भाग बदलला हे लिहून घ्या. 'तपासणी केली, ठीक आहे' एवढंच लिहून तो सही मागत असेल, तर सहीच्या वर स्वतःच्या हातानं लिहा: 'बिघाड कायम आहे.' हे तीन शब्द पुढे हजारो रुपयांचे ठरतात.

जॉबशीट दिलीच नाही तर त्याच संध्याकाळी कंपनीला ईमेल किंवा व्हॉट्सॲप करा: आज अमुक वाजता तुमचे तंत्रज्ञ आले, अमुक केलं, बिघाड तसाच आहे. तक्रार क्रमांकाचे एसएमएस पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पूर्ण वर्षभर टीव्ही सुरळीत चालला, तेराव्या महिन्यात पडद्यावर रेघा आल्या. वॉरंटीत एकही तक्रार नाही. हक्क आहे का?

हे अवघड प्रकरण आहे. निकाल दोन्ही बाजूंनी लागू शकतो, आणि दोष मुळातच होता हे दाखवण्याचं ओझं तुमच्यावर असतं. तरी प्रयत्न करावा असं माझं मत आहे, कारण टीव्हीचं पॅनल हा काही घासून झिजणारा भाग नाही. योग्य वापरात तो तेरा महिन्यांत जाणं हे स्वतःच बनावटीकडे बोट दाखवतं. बाहेरून मार नाही, पाणी गेलेलं नाही, स्टॅबिलायझर किंवा योग्य अर्थिंग आहे, हे फोटोंसह दाखवा. त्याच मॉडेलला अनेकांकडे तोच त्रास झालेला असेल तर बाजू आणखी बळकट होते.

आधी कंपनीकडे लेखी सवलत मागा. पॅनलचा खर्च नव्या टीव्हीच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो, आणि मुदत नुकतीच संपलेली असेल तर पार्टची किंमत कंपनीनं घेऊ नये किंवा निम्मी घ्यावी असा तोडगा निघू शकतो. फोनवरच्या मुलाला हा अधिकार नसतो. त्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे तक्रार पाठवा.

मोबाईल अपडेट झाला आणि पडद्यावर हिरवी रेघ आली. वॉरंटी केव्हाच संपली आहे.

अपडेट कंपनीनं पाठवला होता, तुम्ही काही मोडलं नाही, हा साधा मुद्दा इथे चालतो. अशा रेघेसाठी काही मोबाईल कंपन्यांनी भारतात वॉरंटी संपलेल्या ठरावीक मॉडेलांचे डिस्प्ले विनामूल्य बदलून दिलेले आहेत. त्यामुळे पैसे भरण्याआधी 'या मॉडेलसाठी अशी काही योजना आहे का' हे सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा. अपडेटची तारीख सेटिंगमध्ये दिसते, तिचा फोटो काढा. फोनवर पडल्याची खूण किंवा तडा नसणं इथे फार महत्त्वाचं.

फ्रिजवर 'कॉम्प्रेसर १० वर्षे' लिहिलंय, तरी पैसे मागतात.

कार्ड नीट वाचा. बहुतेक कार्डांवर पूर्ण फ्रिजला एक वर्ष आणि फक्त कॉम्प्रेसरला दहा वर्षं असतात. कॉम्प्रेसर विनामूल्य मिळतो, पण गॅस भरणं, मजुरी, वाहतूक आणि व्हिजिट चार्ज वेगळे लावतात. तसं कार्डावर छापलेलं असेल तर ते पैसे द्यावे लागतात. छापलेलं नसेल तर कोणत्या अटीखाली मागता ते लेखी विचारा.

मोठ्या अक्षरात 'दहा वर्षं' आणि बारीक अक्षरात सगळे अपवाद, ही जाहिरातीची रीत मला अन्यायाची वाटते. ती दिशाभूल करणारी होती असं वाटल्यास जाहिरातीचं कात्रण किंवा दुकानातल्या स्टिकरचा फोटो तक्रारीला जोडा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर या कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे.

इन्व्हर्टरची बॅटरी तीन वर्षांनी बसली. कार्डावर पाच वर्षं आहेत.

बॅटरीच्या कार्डावर मुदत बऱ्याचदा '३६ + २४ महिने' अशी फोडलेली असते. पहिल्या ३६ महिन्यांत बॅटरी विनामूल्य बदलून मिळते. पुढच्या २४ महिन्यांत नव्या बॅटरीच्या किमतीवर ठरावीक सूट मिळते, तिला प्रो-राटा म्हणतात. पस्तिसाव्या महिन्यात बॅकअप कमी झाल्याचं जाणवलं तर सदतिसाव्याची वाट पाहू नका, लगेच तक्रार क्रमांक घ्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅटरीतलं पाणी लवकर उडतं, आणि पाण्याची पातळी राखली नाही असं म्हणून दावा नाकारतात. पाणी भरल्याच्या तारखा कार्डाच्या मागे लिहीत जा.

वॉरंटीनंतर पैसे भरून पीसीबी (आतलं सर्किट बोर्ड) बदलला. दोन महिन्यांत तोच बिघाड.

इथे मूळ वॉरंटीचा प्रश्नच येत नाही. तुम्ही पैसे देऊन सेवा घेतली, ती सदोष निघाली. कायद्यात याला सेवेतील त्रुटी म्हणतात, आणि तिची तक्रार मूळ वस्तू किती जुनी आहे यावर अवलंबून नसते. गल्लीतला मेकॅनिक असो की कंपनीचं सेंटर, नियम तोच.

तीन गोष्टी मात्र दुरुस्तीच्या वेळीच करून घ्या. आधी खर्चाचा अंदाज लेखी मागा. पावतीवर बदललेल्या भागाचं नाव आणि त्याची वॉरंटी लिहून घ्या. आणि जुना भाग परत मागा. जुना भाग हातात आला की तो खरंच बदलला गेला याची खात्री होते, आणि दुसऱ्या जाणकाराला दाखवता येतो.

"या मॉडेलचे पार्ट आता येत नाहीत, नवीन घ्या" असं सांगतात. हे चालतं का?

किती वर्षं पार्ट ठेवलेच पाहिजेत असा घरगुती इलेक्ट्रॉनिक्ससाठी सरसकट बंधनकारक आकडा आपल्या ग्राहक कायद्यात लिहिलेला नाही. ही उणीव आहे आणि ती भरून निघायला हवी. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेती अवजारं, मोबाईल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं निवडली. २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू झालं. त्यावर सहभागी कंपन्यांची सर्व्हिस सेंटरं आणि दुरुस्तीची माहिती मिळते.

तोवर हाताशी असलेला मार्ग असा. दुरुस्ती करून देऊ असं वचन देताना ते पाळण्याची वाजवी शक्यताच नसेल, तर कायदा त्याला अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. दोन-तीन वर्षांपूर्वी विकलेल्या वस्तूचे पार्ट नाहीत असं उत्तर आलं, तर ते लेखी घ्या. त्या कागदाच्या आधारे किंमतीतून वापराची घट वजा करून उरलेली रक्कम मागता येते.

"हाय व्होल्टेजमुळे जळाला, आमची जबाबदारी नाही." यावर काय बोलायचं?

खान्देशात हे उत्तर वारंवार ऐकू येतं, कारण ते पटकन पटतं. एप्रिल-मे महिन्यात भुसावळ, जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, घरोघरी कूलर आणि एसी चालतात, शिवारात पंप चालू असतात, व्होल्टेज खालीवर होतं. पण 'पटतं' म्हणजे 'सिद्ध झालं' नव्हे. कंपनीच्या माणसानं तुमच्या घरी व्होल्टेज मोजलं का, किती आलं, कोणता भाग जळलेला दिसला, हे जॉबशीटवर लिहायला सांगा. टीव्ही, फ्रिज, पंखा एकाच बोर्डवर असून फक्त टीव्हीच गेला असेल, तर तेही नोंदवून घ्या.

खरंच व्होल्टेजनं नुकसान झालं असेल तर प्रश्न महावितरणकडे जातो. गावात न्यूट्रल तुटला की सिंगल फेजच्या घरांत २३० व्होल्टच्या जागी ४०० च्या आसपास दाब येऊ शकतो, आणि एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) अनेक घरांत एकाच क्षणी वस्तू जळतात. तसं झालं तर त्याच दिवशी १९१२ वर तक्रार नोंदवा, क्रमांक लिहून ठेवा, आणि सर्व घरांनी मिळून नुकसानीची यादी करून उपविभागीय कार्यालयात पोच घेऊन द्या. चार दिवसांनी एकट्यानं दिलेल्या अर्जापेक्षा त्याच दिवशी दहा सह्यांनी दिलेला अर्ज कितीतरी वजनदार. वीजपुरवठा ही ग्राहक कायद्यातली 'सेवा' आहे. महावितरणच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येतं आणि ग्राहक आयोगाचं दारही बंद नाही.

चार्जिंगला लावलेला मोबाईल पेटला, गादी जळाली. वॉरंटी नव्हती.

वॉरंटीचा विचार बाजूला ठेवा. २०१९ च्या कायद्यात कलम ८२ ते ८७ मध्ये उत्पादन दायित्वाचं प्रकरण आहे. सदोष उत्पादनामुळे माणसाला इजा झाली किंवा त्या वस्तूखेरीज दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर उत्पादक, आणि काही परिस्थितीत विक्रेता व सेवा देणारा, भरपाईला जबाबदार धरता येतो. उत्पादक कोण हेच कळत नसेल, स्वस्त चार्जरच्या बाबतीत असं होतं, तर विकणाऱ्यावर जबाबदारी येऊ शकते. चुकीचा वापर किंवा वस्तूत केलेला फेरफार हा मात्र त्यांचा बचाव असतो, म्हणून चार्जर मूळचा होता का हे विचारलं जाणारच.

अवशेष फेकू नका, पुसू नका. जागेचे फोटो, पोलीस ठाण्यात नोंद, तलाठ्याचा पंचनामा, दवाखान्याची कागदपत्रं, सगळं एका फाईलमध्ये लावा.

वस्तू सुरतेहून आणली. तक्रारीसाठी गुजरातला जावं लागेल का?

नाही. नवापूर, नंदुरबारची माणसं खरेदीला सुरत गाठतात, शिरपूरकडची सेंधव्याला जातात, रावेरची बऱ्हाणपूरला. पूर्वी विक्रेता असेल तिथे किंवा व्यवहार झाला तिथे तक्रार करावी लागायची. २०१९ च्या कायद्यानं तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटापाण्यासाठी काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करण्याचा हक्क दिला. या कायद्यातला आपल्या सीमेवरच्या माणसांच्या सर्वांत कामाचा बदल हाच, असं मी मानतो.

ऑनलाइन घेतलेल्या वस्तूचं?

तेच. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे त्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निकाल द्यायचा असतो. विक्रेत्याचं नाव-पत्ता बिलावर असतो. बिल लगेच उतरवून ठेवा.

पक्कं बिल नाही. दुकानदारानं चिठ्ठीवर रक्कम लिहून दिली होती.

बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे दोष तुमच्याकडे येत नाही. फोन-पे किंवा गुगल-पेची नोंद, बँकेचा उतारा, फायनान्सवर घेतली असेल तर हप्त्यांची कागदपत्रं, शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड, वस्तूवरचा सिरीयल नंबर, कंपनीच्या नोंदणीचा एसएमएस, यातलं जे असेल ते चालतं. वस्तू बिघडली म्हणून फायनान्सचे हप्ते मात्र थांबवू नका. कर्जाचा करार वेगळा असतो आणि थकबाकीचा डाग तुमच्या नावावर बसतो.

मुलीला लग्नात आंदण म्हणून दिलेलं वॉशिंग मशीन बिघडलं. बिल वडिलांच्या नावावर आहे.

मुलगीही ग्राहकच. विकत घेणाऱ्याच्या संमतीनं वस्तू वापरणारा माणूस कायद्यानं ग्राहक ठरतो. वडिलांचं एक साधं संमतिपत्र जोडलं की झालं, आणि ती आपल्या सासरच्या जिल्ह्यात तक्रार करू शकते.

केळीच्या बागेतल्या पंपाचा मोबाईल स्टार्टर जळाला. शेतकरी ग्राहक होतो का? आणि दुकानातला फ्रीझर?

शेतकरी ग्राहक होतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात बियाणं घेणाऱ्या शेतकऱ्याला ग्राहकच मानलं. पंपाचा स्टार्टर, पॅनल, ऑटो स्विच यांना तोच विचार लागू करता येतो. दुकानाबाबत निकष असा, की वस्तू फक्त स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठी वापरली जात असेल तर तो व्यापारी हेतू धरत नाहीत. आइस्क्रीमची गाडी स्वतः चालवणारा ग्राहक आहे. नोकर ठेवून चार शाखा चालवणाऱ्याला आयोग सहसा दार उघडत नाही.

दुकानदारानं 'एक्स्टेंडेड वॉरंटी' विकली होती. आता म्हणतो ती दुसऱ्याच कंपनीची आहे.

पैसे ज्याला दिले आणि कार्डावर ज्याचं नाव आहे, दोघांनाही पक्षकार करा. असं कार्ड घेताना ती मूळ कंपनीची आहे की दुकानाची की विमा कंपनीची हे पाहा, आणि अपवादांची यादी आधी वाचा. मोटर, पीसीबी, पॅनल हेच वगळलेलं असेल तर ते कार्ड घेण्यात अर्थ नाही.

बाहेरच्या मेकॅनिकनं एकदा उघडलं होतं. आता काहीच होणार नाही का?

प्रकरण कमकुवत होतं, संपत नाही. त्यानं काय केलं त्याची पावती आणि शक्य असल्यास त्याचं लेखी निवेदन घ्या. यापुढे मात्र क्रम असा ठेवा: आधी कंपनीला लेखी कळवा, त्यांनी नकार दिला किंवा उत्तर दिलं नाही तरच बाहेर दाखवा. अक्कलकुवा, धडगावसारख्या तालुक्यांत कंपनीचा माणूस आठवडाभर फिरकत नाही आणि लोक नाइलाजानं जवळच्या कारागिराकडे जातात. तसं झालं असेल तर 'तक्रार करूनही कोणी आलं नाही' हे तारखेसह लिहा. त्यात त्रुटी कंपनीच्या सेवेची दिसते.

पहिला अर्ज कसा लिहायचा?

साध्या मराठीत. कलमांची गरज नाही, तारखांची आहे. उदाहरणार्थ:

'मी दि. … रोजी … या दुकानातून … मॉडेलचा, सिरीयल नंबर … असलेला फ्रिज रु. … ला घेतला. दि. … पासून तो थंड करत नाही. पहिली तक्रार दि. … रोजी नोंदवली, तिचा क्रमांक … . त्या दिवशी वॉरंटी चालू होती. त्यानंतर दि. … आणि दि. … रोजी आपले तंत्रज्ञ येऊन गेले, जॉबशीटच्या प्रती सोबत आहेत. बिघाड कायम आहे. तरी विनामूल्य दुरुस्ती करून द्यावी किंवा फ्रिज बदलून द्यावा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास मला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावं लागेल.'

हा अर्ज कंपनीच्या मुख्य कार्यालयाला स्पीड पोस्टानं, पोच मागून पाठवा, आणि ईमेलही करा. दुकानदाराला एक प्रत हातोहात द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का घ्या. रागाचे शब्द टाळा. पुढे तो अर्ज पुरावा म्हणून वाचला जातो.

१९१५ वर फोन करून खरंच काही होतं का?

अनेकदा होतं. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे, फोन विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येतं. ८८००००१९१५ या क्रमांकावर व्हॉट्सॲपही चालतं. तुमची तक्रार त्या कंपनीच्या वरच्या स्तरावर पोहोचवली जाते, आणि स्थानिक सेंटरनं महिनाभर टाळलेलं काम त्यातून मार्गी लागू शकतं. पण हेल्पलाईन न्यायालय नाही, तिला आदेश देता येत नाही. तिथे तक्रार पडून आहे म्हणून आयोगाची मुदत थांबत नाही, हे लक्षात ठेवा.

जिल्हा ग्राहक आयोगात जायला किती खर्च येतो? वकील लागतो का?

वस्तूसाठी दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. आपले टीव्ही, फ्रिज, मोबाईल सगळे त्यातच बसतात. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगाकडेच चालतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी आयोग आहे. वकील सक्तीचा नाही, मराठीत लिहिलेली तक्रार चालते. घरबसल्या दाखल करायची तर ई-जागृती पोर्टल आहे. १ जानेवारी २०२५ ला ते सुरू झालं आणि आधीचं ई-दाखिल त्यात सामावलं.

तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र, बिल, वॉरंटी कार्ड, जॉबशीट, पत्रव्यवहार लागतो. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट जोडणार असाल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ते सांगितलं आहे आणि त्याचा नमुना त्याच कायद्याच्या अनुसूचीत आहे. उत्पादक आणि विक्रेता दोघांनाही पक्षकार करा, नाहीतर हजर असलेला गैरहजर असलेल्याकडे बोट दाखवतो.

वकिलाची गरज वाटली आणि पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, हेल्पलाईन १५१००. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. सातपुड्यातल्या आदिवासी पाड्यांवर हे कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून मुद्दाम लिहितो.

किती दिवस लागतात?

कायद्यात लिहिलेलं असं: तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे २१ दिवसांत ठरवायचं, विरुद्ध पक्षानं ३० दिवसांत आणि फार तर आणखी १५ दिवसांत उत्तर द्यायचं, आणि नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, वस्तूची तपासणी लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यायचा. प्रत्यक्षात यापेक्षा बराच जास्त वेळ लागू शकतो. ४५ दिवसांनंतर उत्तरासाठी मुदत वाढवून देता येत नाही, हे मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं मार्च २०२० मध्ये पक्कं केलं आहे. मध्यस्थीचा पर्याय आयोगानं सुचवला आणि कंपनी वाजवी तोडगा देत असेल, तर नाकारण्याआधी शांतपणे विचार करा.

बनावटीतला दोष सिद्ध करायचा कसा? आपण तर इंजिनिअर नाही.

पहिला पुरावा म्हणजे कंपनीच्याच जॉबशीट. एकाच वर्षात तोच भाग दोनदा-तीनदा बदलला असेल तर वेगळं काही सांगायला फारसं उरत नाही. तसं नसेल तर तज्ज्ञाचा अहवाल हवा. आयोगाला अर्ज करून वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवायला सांगता येतं, तपासणीची फी मात्र तुम्हाला भरावी लागू शकते. आयटीआय किंवा तंत्रनिकेतनातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या शिक्षकाकडून तपासणी करून लेखी अहवाल आणि प्रतिज्ञापत्र घेणं हाही मार्ग आहे. 'माझ्या मते खराब आहे' एवढ्यानं भागत नाही. कोणता भाग, कशामुळे, वापरणाऱ्याची चूक का नाही, हे अहवालात हवं.

तक्रारीची मुदत?

तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. कारण कधी घडलं यावर वाद होतो. कंपनी खरेदीची तारीख धरू पाहते, तुम्ही दोष उघड झाल्याची किंवा दुरुस्ती नाकारल्याची. वादच नको असेल तर खरेदीपासून दोन वर्षांच्या आत दाखल करा. नोटिसा पाठवत राहिल्यानं मुदत वाढत नाही. उशीर झालाच तर सबळ कारणासह विलंबमाफीचा अर्ज करता येतो.

निकाल लागला पण कंपनी पैसे देत नाही.

आदेशाची अंमलबजावणी दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी करून घेता येते. त्याशिवाय कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कंपनी राज्य आयोगात अपिलात गेली तर तिला आदेशातल्या रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

एवढ्या लहान रकमेसाठी हे सगळं करावं का?

आठ हजारांचा मोबाईल हा मजुरी करणाऱ्या घरात लहान नसतो. तरी व्यवहार पाहा. दुरुस्ती पाचशे रुपयांची असेल तर ती करून मोकळे व्हा आणि पावती ठेवा. रक्कम टोचणारी असेल तर अर्ज आणि १९१५, एवढ्याला पैसे लागत नाहीत, ते तरी कराच. त्यापुढे आयोग. तिथे किंमत परत, वस्तू बदलून, दुरुस्ती, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च मागता येतो. भरपाईचा आकडा वाजवी ठेवा. वीस हजारांच्या फ्रिजसाठी पाच लाख मागितले की मूळ मुद्द्याचं वजन कमी होतं.

बिघडलेली वस्तू घरात जागा अडवते. एक्स्चेंजमध्ये देऊ का?

तक्रार चालू असेपर्यंत देऊ नका, भंगारवाल्यालाही नको. तीच तुमचा मुख्य पुरावा आहे, आणि आयोगानं तपासणीचा आदेश दिला तर ती हजर करावी लागते. सिरीयल नंबरचं स्टिकर उखडू देऊ नका, त्याचा फोटो काढा. वस्तू ठेवणं अगदीच अशक्य असेल तर काढण्याआधी कंपनीला लेखी कळवा, की अमुक तारखेपर्यंत येऊन तपासा. प्रकरण मिटल्यावर ती नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनी तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, त्यामुळे जवळचं संकलन केंद्र कोणतं हे कंपनीच्याच ग्राहक सेवेला विचारा.